काम निघालं की कळवतो

थोडी मोठी पोस्ट आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात तुमच्या पगारातून कापले जाणारे दोनशे रुपयेही आहेत आणि तुमच्या गावच्या मावशीची मजुरीही आहे.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत खोऱ्यातल्या एका ग्रामपंचायतीत गेलो होतो. गेलो होतो पाणीटंचाईच्या बातमीसाठी. (हो, कोयनेत पाणीटंचाई. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शिमग्याच्या आधीच वाड्यावस्त्यांवरचे झरे आटतात. धरण उशाला नि कोरड घशाला, हे आमच्याकडं म्हण म्हणून नाही, पत्ता म्हणून सांगतात.) ऑफिसात पंचावन्न-साठीच्या एक मावशी उभ्या होत्या. ग्रामरोजगार सेवकाला विचारत होत्या, "काय काम हाय का रं बाबा?" पोरगं गुणी आहे, आवाज चढवून बोलणारं नाही. म्हणालं, "सध्या नाय मावशी. काम निघालं की कळवतो."

मावशी "बरं" म्हणाल्या, पदर सावरला आणि गेल्या. मीही माझी टंचाईची माहिती घेऊन निघालो. हेळवाकला टपरीवर चहा पिताना एकदम डोक्यात आलं की, अरे, आपल्या डोळ्यांदेखत कायदा मोडला आणि आपण वहीत टँकरच्या फेऱ्या लिहीत बसलो!

कारण कायदा नेमका उलटा आहे. काम निघालं की मावशीला कळवायचं नाही. मावशींनी मागितलं की काम काढायचं. मागणीचा अर्ज, त्याची तारखेची पोच, आणि त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम. नाही दिलं तर बेरोजगार भत्ता. "काम निघालं की कळवतो" या चार शब्दांत हक्काची योजना झाली, आणि योजनेची मेहेरबानी. त्या पोराला हे माहीत नव्हतं असंही नाही. त्याला तसंच शिकवलं गेलं होतं, आणि मावशींना कुणीच काही शिकवलं नव्हतं.

हा "मागेल त्याला काम" प्रकार कुठून आला, हे आपल्या भागातल्या तरुण पोरांना विचारून बघा. दिल्लीतून आला म्हणतील. कुणी मनमोहन सिंगांचं नाव घेईल. खरं तर हा आपल्या शेजारून आला. तासगाव तालुक्यातलं विसापूर. पूर्वीचा दक्षिण सातारा, आजचा सांगली जिल्हा. तिथले वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली त्यांनी विसापूर आणि आसपासच्या गावांत प्रयोग करून बघितला की, ज्याला कष्ट करायची तयारी आहे त्याला गावाजवळच काम द्यायचं ठरवलं तर किती पैसा लागतो, किती माणसं येतात, आणि त्या कष्टातून गावाच्या कामाचं काही उभं राहतं का. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. त्यांनी कल्पना उचलून धरली.

मग १९७२ चा दुष्काळ आला. माझी आत्या माण तालुक्यात दिलेली. ती सांगायची ते खडी फोडण्याचं, सुकडीचं, पाझर तलावाच्या मातीच्या पाट्यांचं. ऐन भरात, १९७३ च्या उन्हाळ्यात, महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. लोक काम मागायला मोर्चे काढत होते. "धान्य द्या" असा मोर्चा वेगळा आणि "काम द्या" असा मोर्चा वेगळा, हा फरक मला फार मोठा वाटतो. दान मागणारा खाली बघतो. काम मागणारा समोर बघतो.

त्या सगळ्यातून १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी कायदा आला. अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९७९ ला. आता एक योगायोग बघा. काम मिळणं हा माणसाचा हक्क आहे हे जगानं १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, २३ व्या कलमात लिहून ठेवलं होतं. पुढं १९६६ च्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या करारात सहावं कलम त्याचंच. भारत त्या करारात सामील झाला एप्रिल १९७९ मध्ये. म्हणजे देशानं जगापुढं सही करायच्या अडीच महिने आधी महाराष्ट्रात खेड्यातल्या मजुराला तहसीलदाराकडं अर्ज देऊन काम मागायची सोय झालेली होती. याचा अभिमान आपण कधी बाळगलाच नाही. गड-किल्ल्यांचा बाळगतो, बाळगायलाच हवा, पण हाही आपलाच आहे.

घटनेतही कामाचा हक्क आहे. कलम ४१. पण तिथं एक अट जोडलेली आहे, ती अशी की राज्यानं हे आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत करायचं. शिवाय ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, ओल्गा टेलिस खटला म्हणतात तो, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविका येते. चांगलं झालं. पण उपजीविका हिरावून घेऊ नका असं सांगणं वेगळं आणि ज्याच्याकडं कामच नाही त्याला काम द्या असं सांगणं वेगळं. दुसरी गोष्ट करायला पैसा लागतो.

आणि पागे आणि त्यांच्या सोबतच्यांचं खरं डोकं दिसतं ते इथं. ऐपतीच्या मर्यादेत म्हणता ना? मग ऐपत आधीच बाजूला काढून ठेवा. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, बँकेत आहेत, एमएसईबीत आहेत, त्यांनी पगाराची स्लिप काढून बघा. दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. तो हा कर. रोजगार हमीसाठी लावलेला. शहरातल्या पगारदाराकडून, व्यापाऱ्याकडून तो घ्यायचा आणि त्यात तेवढीच भर सरकारनं घालायची. म्हणजे मुंबईतल्या माणसाच्या पगारातून विसापूरच्या, म्हसवडच्या, आमच्या डोंगरातल्या बाईची मजुरी. याला मी अर्थनीती म्हणतो. नुसता हक्क जाहीर केला नाही, त्याचं बिल कोण भरणार हेही त्याच वेळी ठरवलं.

सगळं गोड नव्हतं. वर्षानुवर्षं या नावानं गोळा झालेला पैसा पूर्ण खर्चच झाला नाही. गरज नव्हती म्हणून नाही. मागणीच नोंदवली नाही म्हणून. खोटी मस्टर, मेलेल्यांच्या हजेऱ्या, मुकादमाचं घर दुमजली, हे सगळं आपण बघितलंय. मी स्वतः अशा बातम्या केल्यात आणि त्या केल्याबद्दल फोनही ऐकलेत. पण त्याच कायद्याच्या पैशातून १९९० पासून फळबाग लागवड झाली. आज सांगली-सोलापूरकडं डाळिंबाचे आणि कोकणात आंबा-काजूचे बाग दिसतात, त्यातले कितीतरी तेव्हाच्या रोजगार हमीच्या खड्ड्यांत उभे आहेत. हे आता बागायतदार झालेले लोक विसरलेत. आणि तेच लोक "रोजगार हमीनं माणसं आळशी केली" म्हणतात, तेव्हा मला हसू येतं.

त्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे, तो टाळायचा नाही. ऐन लावणीत, ऐन कापणीत मजूर मिळत नाही. छोट्या शेतकऱ्याची यात खरंच फरफट होते. माझ्या स्वतःच्या चुलत्यांचं भात दोन वर्षांपूर्वी आठवडाभर उभं राहिलं आणि परतीच्या पावसानं आडवं केलं. पण रोजगार हमीवर आमच्याकडं दिसतात कोण? बायका. आणि म्हातारी माणसं. कारण गड्याला बाहेर यापेक्षा जास्त रोज मिळतो. बाईला मिळत नाही. मार्च २०२५ पर्यंत रोजगार हमीचा रोज होता २९७ रुपये, एप्रिल २०२५ पासून झाला ३१२. बाईला आणि गड्याला सारखाच. शेतावर बाईला तेवढा द्या, ती चार किलोमीटर चढून दगड उचलायला जाणार नाही, हे मी खात्रीनं सांगतो. मजूर मिळत नाही याचा अर्थ बरेचदा "जुन्या भावात मिळत नाही" असा असतो. आणि शेतकऱ्याला नवा भाव परवडत नसेल तर दोष त्याच्या मालाच्या भावाचा आहे, बाईच्या मजुरीचा नाही.

आता कोयनेकडं येतो, कारण काम देण्याचं दुसरं एक मॉडेल आम्ही इथं तीन पिढ्या बघतोय. त्याचं नाव दाखला.

या खोऱ्यानं महाराष्ट्राला काय दिलं ते पाठ्यपुस्तकात आहे. १०५ टीएमसीचा शिवसागर, १९६० मेगावॉट वीज. पाणी डोंगर पोखरून पोफळीला उतरवलं आणि मुंबई-पुण्याचे कारखाने चालले. त्यासाठी जी गावं उठली ती सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी पांगली. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ चा. कोयना त्याच्या कितीतरी आधी भरलेली. म्हणजे आमच्या माणसांनी गावं सोडली तेव्हा पुनर्वसन हा हक्क नव्हताच, ती सरकारची मर्जी होती. पुढं प्रकल्पग्रस्तांना सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आलं. घरटी एकाला दाखला. आजोबाच्या नावचा दाखला नातवाच्या नावावर करायला पाटण-सातारा खेटे घालणारी पोरं मी ओळखतो. लॅमिनेट केलेला दाखला, तीन-तीन झेरॉक्स. वयाची अट संपत आली की तो धाकट्या भावाच्या नावावर. भरतीच निघाली नाही तर पाच टक्के कशाचे?

दाखला खोटा नाही. काहींना त्यातून नोकरी लागली, त्यांची घरं उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली इथल्या धरणग्रस्तांनी इतकी वर्षं ठिय्ये दिले म्हणून जमिनीचे आणि संकलनाचे प्रश्न निदान फायलीतून बाहेर तरी आले. पण दाखल्यात एक मूलभूत उणीव आहे. त्यावर तारीख नसते. कधीपर्यंत काम देणार, नाही दिलं तर काय देणार, हे त्यावर लिहिलेलं नाही. म्हणून तो सांभाळून ठेवावा लागतो. रोजगार हमीच्या पोचपावतीवर तारीख असते. ती सांभाळायची नसते, सोळाव्या दिवशी दाखवायची असते. मजुरी कितीही कमी असू द्या, काम कितीही अंगमेहनतीचं असू द्या, कायद्याच्या दृष्टीनं ती पोचपावती त्या लॅमिनेट केलेल्या दाखल्यापेक्षा जड आहे.

आणि तिसरा मार्ग म्हणजे मुंबई. पाटण तालुक्यात असं घर सापडणं अवघड की ज्यातलं कुणी गोदीत, गिरणीत किंवा बाजार समितीत डोक्यावर ओझं वाहायला गेलं नाही. या माथाड्यांना माणूस म्हणून उभं केलं ते आपल्याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळेच्या अण्णासाहेब पाटलांनी. १९६९ चा माथाडी कायदा हा त्याच लढ्याचा. मालक कोण हेच ठरत नाही अशा हमालाची नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, त्यावर फंड आणि ग्रॅच्युइटी. असंघटित कामगारासाठी एवढा पुढारलेला कायदा तेव्हा देशात क्वचितच कुठं होता. म्हणजे बघा, विसापूर आणि मंद्रुळकोळे. गावात काम मागायचा हक्क एका गावानं दिला, शहरात केलेल्या कामाची इज्जत दुसऱ्यानं. दोन्ही आपल्या कृष्णा-कोयनेच्या पट्ट्यातली.

हे सगळं आत्ता का काढलं? कारण डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. 'विकसित भारत' नावानं सुरू होणारा. नावावर टीव्हीवर बरीच भांडणं झाली. मला नावात रस नाही. पैसा कोण देणार आणि कधी थांबवणार, यात आहे.

चांगली गोष्ट आधी सांगतो. १०० दिवसांचे १२५ दिवस झाले. पंधरा दिवसांत काम नाही तर भत्ता, हेही कागदावर राहिलं. पण आधी मजुरीचा सगळा खर्च केंद्र उचलत होतं, आता आपल्यासारख्या राज्यांना शंभरातले चाळीस रुपये घालायचेत. आधी मागणी येईल तसा पैसा लागायचा, आता राज्याला वर्षाला किती द्यायचे ते केंद्र आधीच ठरवणार आणि त्यापुढचा खर्च राज्याचा. शिवाय पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून साठ दिवसांपर्यंत काम बंद ठेवायची तरतूद. म्हणजे मावशींचा हक्क आहे तसाच आहे, फक्त गल्ला आधी मोजून ठेवलाय. आणि गल्ला संपत आला की ग्रामपंचायतीत कोणतं वाक्य ऐकू येईल, हे तुम्हाला आता सांगायला नको.

यावर आमच्या काही मित्रांची प्रतिक्रिया "दिल्लीनं घात केला" आणि काहींची "आता भ्रष्टाचार थांबेल." दोन्हीकडच्यांनी मला ट्रोल करा, हरकत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मुंबईला उद्देशून आहे. महाराष्ट्राला हे नवीन नाही. केंद्राचा कायदा २००५ चा, आपला १९७७ चा. मनरेगातसुद्धा पहिले शंभर दिवस केंद्राचे आणि वर्षातले उरलेले दिवस राज्याचे, अशी हमी देणारं हे राज्य. व्यवसाय कर आजही कापला जातोय. मग नियम करताना सरकारनं लिहून द्यावं की केंद्राचा वाटा संपला म्हणून कुणाचा मागणी अर्ज परत जाणार नाही, वरचा खर्च व्यवसाय करातून होईल. आणि काम बंद ठेवायच्या तारखा अख्ख्या राज्याला एकच नकोत. आमची लावणी जुलैत, ऊसतोड दिवाळीनंतर, जतला पेरणीच वेगळी. आपल्या आमदारांना, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, लग्नात-वास्तुशांतीत भेटतात तेव्हा हा एक प्रश्न विचारा. रस्त्याचं नारळ फोडून झालं की विचारा.

"एवढा पैसा आणायचा कुठून" असं विचारणाऱ्यांना एकच सांगतो. कर्जमाफी, उद्योगांना सवलती, महिन्याला खात्यात थेट रक्कम, हे सगळं करताना हा प्रश्न इतक्या कळकळीनं मी ऐकला नाही. थेट रकमेला माझा विरोध नाही, आमच्या घरातही ती येते. पण ती रक्कम निवडणूक बघून वाढते आणि यादी तपासून कमी होते. कायद्यानं मागून मिळवलेल्या कामाचं तसं होत नाही. निदान होऊ नये.

आता मावशींचं सांगतो. चहा संपवून मी परत फिरलो. घरी गाठलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासह वस्तीवरच्या चौदा बायका आणि चार गडी, अशा अठरा जणांनी नमुना चारमध्ये मागणी लिहून दिली. तीन जणांची जॉबकार्डं हरवलेली, दोघींचं आधार बँकेशी जुळत नव्हतं, ते निस्तरण्यात आठवडा गेला. पोच द्यायला पोरगं आधी नाखूश होतं. "भाऊ, वरनं ओरडा बसतो," म्हणालं. मी म्हटलं, पोच दिलीस तर तुलाच काम काढायला आधार मिळेल. दिली त्यानं. बाराव्या दिवशी वस्तीच्या वरच्या ओहोळात अनगड दगडी बांधाचं काम निघालं. हजेरीचा फोटो मोबाईलवर चढवायला रेंज नाही, म्हणून रोज एक जण टेकाडावर जायचा. मजुरी उशिरा आली. पण आली. यंदा त्या झऱ्याला मागच्या वर्षीपेक्षा पाणी जास्त दिवस टिकलंय, असं वस्तीवरची माणसं सांगतात. मी मोजलेलं नाही.

गेल्या आठवड्यात पाटणच्या स्टँडवर मावशी भेटल्या. बाजाराची पिशवी हातात. म्हणाल्या, "भाऊ, ते नवीन कायतरी आलंय म्हणत्यात. आता पुन्हा अर्ज द्यायचा का त्यांच्या निरोपाची वाट बघायची?"

म्हटलं, अर्ज द्या मावशी. आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

तुमच्या गावात मागणी अर्जाची पोच मिळते का? हो किंवा नाही, गावाच्या नावासकट कमेंटमध्ये लिहा. कुणाला नमुना चार भरायला मदत लागली तर मेसेज करा, मी संध्याकाळी सातनंतर फोन उचलतो.